पडझडीचे रंजन

१

संस्कृतातील 'रञ्ज्' या धातूला रंगविणे आणि सुखविणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतील 'रंग' आणि 'रंजन' हे शब्द या एकाच मुळातून फुटले. गतकालाच्या हळव्या ओढीसाठी मराठी समीक्षेने 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यात एक निदानही अभावितपणे येऊन बसले : ज्या स्मरणाने रंजन होते, ते स्मरण रंगविलेलेही असते. साहित्यातील वाडे, परसदारे आणि तुळशीवृंदावने यांच्या संदर्भात हे निदान पुष्कळदा वापरले गेले. परंतु ज्या कलेत रंगविणे ही लक्षणा नसून प्रत्यक्ष क्रिया आहे, त्या रंगीत छायाचित्रकलेला ते क्वचितच लावले गेले.

जीर्ण दारांची आणि पडक्या नागर वास्तूंची रंगीत छायाचित्रे हा आता एक प्रस्थापित प्रकार झालेला आहे. प्रदर्शनांच्या दालनांत, दिनदर्शिकांवर, जाडजूड चित्रग्रंथांत आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर तो सारख्याच सुखाने नांदतो. त्याचे संकेत ठरीव आहेत. दार समोरून, चौकटीला समांतर टिपलेले. निळ्या किंवा हिरव्या तैलरंगाचे पोपडे. त्यांखालून डोकावणारा वेगळ्याच रंगाचा जुना थर. गंजलेली कडी, कोयंडा आणि त्यात अडकलेले कुलूप. उंबरठ्यावर फार तर एखादे मांजर. माणूस नाही. घरक्रमांक असलाच तर तो आकृतीपुरता. शीर्षकात रस्त्याचे नाव नाही. तेथे काळ, मौन, स्मृती यांपैकी एखादे भाववाचक नाम असते. दार हवानातले, व्हेनिसमधले, जोधपूरचे की पुण्याच्या एखाद्या पेठेतले, हे कळण्याची सोय नसते आणि तशी निकडही भासत नाही.

ही चित्रे सुंदर आहेत, हा त्यांच्यावरील आक्षेप नव्हे. ती कारणांच्या जागी काळाला बसवितात, हा आक्षेप आहे. जे कायद्याने, मालकीने, भांडवलाच्या स्थलांतराने आणि दुरुस्तीच्या नकाराने घडले, ते काळाच्या नावावर खतविले जाते. काळावर खटला भरता येत नसल्याने हिशेब तेथेच मिटतो.

२

या प्रकाराचे सर्वांत भारदस्त समर्थन रूपवादी आहे. मराठी वाचकाला त्याची परिभाषा परकी नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील लयतत्त्व येथे हाताशी आहेच. गंजाचा तांबूस आणि तैलरंगाचा निळा यांत विरोध, फळ्यांच्या उभ्या रेघांत संवाद आणि कुलपाच्या काळ्या ठिपक्याने साधलेला समतोल, असे विश्लेषण सहज करता येते. एकदा ते केले, की दार कोणाचे आणि ते असे का झाले, हे प्रश्न सौंदर्यबाह्य म्हणून निकालात निघतात.

चित्रकाराच्या फलकापुरता हा युक्तिवाद विचारार्ह ठरेल. छायाचित्राच्या बाबतीत तो टिकत नाही, आणि तो न टिकण्याचे कारण या चित्रांच्या आस्वादातच आहे. हेच दार एखाद्या कलाकेंद्रात प्लायवूडवर रंग खरवडून तयार केले होते, असे उद्या सिद्ध झाले तर लयीत तिळमात्र फरक पडणार नाही. चित्राचा चाहता मात्र फसवला गेल्यासारखा चिडेल. म्हणजे त्याच्या आनंदाचा मोठा भाग दार खरे असण्यावर, ते पावसात खरोखर भिजले असण्यावर आणि त्यामागे कोणीतरी खरोखर राहिले असण्यावर अवलंबून होता. रूपवादी समर्थक या खरेपणाचे मोल पुरेपूर वसूल करतो. त्या खरेपणाविषयी प्रश्न विचारला, की तो कलेच्या स्वायत्ततेत आश्रय घेतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले. प्रस्तुत प्रकाराची हातचलाखी अशी, की तो राहतो अलौकिक ध्रुवावर आणि भाडे खातो लौकिक ध्रुवाचे.

दाराच्या छायाचित्राचा इतिहासही या समर्थनाच्या बाजूने साक्ष देत नाही. हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ मध्ये 'उघडे दार' हे चित्र सिद्ध केले, तेव्हा डच चित्रकारांनी सामान्य वस्तूंना दिलेल्या प्रतिष्ठेचा दाखला त्याने पुढे केला. त्या चित्रात दाराला टेकलेला खराटा आहे : कोणीतरी आताच काम थांबविले आहे, किंवा आता सुरू करणार आहे. पुढे युजीन अत्जेने जुन्या पॅरिसची दारे आणि दारांवरील लोखंडी ठोके यांची चित्रे घेतली. ती तो कारागिरांना, चित्रकारांना आणि ग्रंथालयांना दस्तऐवज म्हणून विकत असे. अशा चित्रांवर रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक नोंदविण्याची त्याची रीत होती. अत्जेच्या निर्मनुष्य रस्त्यांत वाल्टर बेन्यामीनला १९३१ मध्ये गुन्ह्याच्या जागा दिसल्या, त्या या नोंदीमुळे अधिकच तशा दिसतात. कारण गुन्ह्याच्या जागेला पत्ता लागतो. टॅल्बटच्या दारापाशी श्रम होते, अत्जेच्या दारावर पत्ता होता. आजच्या रंगीत दारापाशी दोन्ही नाहीत, आणि या वजाबाकीलाच शुद्धता म्हटले जाते.

३

'काळाने झिजलेले' हा या प्रकाराचा लाडका शब्दप्रयोग आहे. वस्तुतः काळ कशालाच झिजवीत नाही. ऊन, पाऊस आणि वाळवी झिजवितात, आणि त्यांना थोपवून धरण्यासाठी लागणारा खर्च कोणीतरी कधीतरी थांबविलेला असतो. लाकडातील लिग्निन हे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते, पावसाने धुऊन जाते आणि पृष्ठभागावर मुख्यतः सेल्युलोजचे करडे तंतू उरतात. जिला रुपेरी झाक म्हणून वाखाणले जाते ती एवढीच. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हात आकसते. कडक झालेला तैलरंगाचा थर त्याच्यासोबत हलू शकत नाही, म्हणून त्याला तडे जातात आणि पोपडे सुटतात. वेळच्या वेळी खरवडून नवा हात दिला, की ही क्रिया बरीच लांबते. पोपडा ही न दिलेल्या हाताची नोंद असते. तो हात कोणी द्यावयाचा होता आणि का दिला नाही, हा प्रश्न चित्रापासून अलग करता येत नाही. तो चित्राचा विषयच आहे.

रंगाचे हे द्रव्यरूप आणखी एका अर्थाने महत्त्वाचे आहे. जुन्या तैलरंगांतील झगझगीत पिवळा, नारिंगी आणि हिरवा यांना त्यांची दीप्ती पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटमुळे लाभत असे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि जुन्या घरांत ते शरीरात शिरण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे सुटलेले पोपडे व त्यांची धूळ. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात दहा लाख भागांत ९० भाग ही कायदेशीर मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी रंगविलेल्या दाराचा जो कोपरा छायाचित्रकाराला सर्वांत मोलाचा वाटतो, तोच त्या घरात रांगणाऱ्या मुलाच्या दृष्टीने सर्वांत घातक असू शकतो. सौंदर्य आणि विष येथे एकाच द्रव्यात आहेत. एवढी भेदक वस्तुस्थिती समोर असताना चित्राने केवळ हुरहूर लावून थांबावे, ही कलादृष्ट्याही अल्पसंतुष्टता आहे.

४

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : दोष रंगाचा आहे, कृष्णधवल चित्र प्रामाणिक असते. हा मोह आवरला पाहिजे. वॉकर इव्हान्सने १९६९ मध्ये रंगीत छायाचित्रणाला हलक्या अभिरुचीचे ठरविले. त्याच इव्हान्सने १९७३ आणि १९७४ मध्ये पोलरॉइड कॅमेऱ्याने रस्त्यांवरच्या पाट्यांची आणि अक्षरांची रंगीत चित्रे हौसेने घेतली. पडझडीचे रंजन करावयास रंगाची गरजच असती, तर पिरानेसीची रोमन अवशेषांची कोरीव मुद्राचित्रे अठराव्या शतकात युरोपभर गाजली नसती. काळ्या-पांढऱ्या छटा दैन्याला भारदस्तपणा देतात. तोही रंजनाचाच एक प्रकार आहे. याची पक्की जाण मार्था रोस्लरला होती. न्यूयॉर्कमधील बावरी या दारुड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या रस्त्यावरील दारे आणि दुकानांची तोंडे तिने १९७४-७५ मध्ये कृष्णधवल टिपली, त्यांत एकही दारुडा येऊ दिला नाही, आणि शेजारच्या चौकटींत दारूच्या नशेसाठी वापरले जाणारे शब्द टंकलिखित करून लावले. चित्र आणि शब्द ही दोन्ही वर्णने अपुरी आहेत, असे तिने कृतीच्या शीर्षकातच नमूद केले. निर्मनुष्य दार तिच्याकडेही आहे. तेथे माणसाची अनुपस्थिती हा प्रश्न होतो, दिनदर्शिकेवरील दारात ती सजावट होते. फरक रंगाचा नाही.

दुसरे समर्थन उलट दिशेने येते आणि ते अधिक आपुलकीचे वाटते. रंग हीच भारतीय दृष्टी आहे, कृष्णधवल विषण्णता पाश्चात्त्यांची, असे रघुबीर सिंग यांनी 'रिव्हर ऑफ कलर' (१९९८) या ग्रंथातील निबंधात आग्रहाने मांडले. या भूमिकेवर मतभेद संभवतात. परंतु सिंग यांच्या चित्रांत रंग माणसांच्या गर्दीतून, वाहनांच्या काचांतून आणि एकाच क्षणी घडणाऱ्या अनेक घटनांतून वाहतो. त्यांचा दाखला देत निर्मनुष्य दारे रंगविणाऱ्यांनी सिद्धांत उचलला आणि माणसे मागे ठेवली.

रंगाविषयीचा खरा प्रश्न निर्णयाचा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७६ मध्ये विल्यम एगल्स्टनच्या रंगीत चित्रांचे प्रदर्शन भरले आणि वादंग माजले, तेव्हा त्याने वापरलेली डाय-ट्रान्स्फर ही मुद्रणपद्धती मुख्यतः जाहिरातींत वापरली जात होती. फुजीची व्हेल्विया ही फिल्म १९९० मध्ये आली ती तिच्या भडक रंगछटांसाठीच लोकप्रिय झाली. आज तोच निर्णय दूरध्वनीच्या पडद्यावर बोट सरकवून होतो. दाराचा निळा किती निळा करावयाचा, हे दार ठरवीत नाही. मग जो रंग छायाचित्रकाराने वाढविला, त्याचे श्रेय काळाला देण्याचा विनय कशासाठी? हा विनय सोयीचा आहे : काळाने रंगविले म्हटले, की कोणी पडू दिले हे विचारावे लागत नाही.

५

ही सोय किती महाग पडते, याचे उदाहरण डेट्रॉइट. मोटारनिर्मितीच्या या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०१० च्या जनगणनेत ती सुमारे सात लाख चौदा हजारांवर आली. त्याच वर्षी इव्ह मार्शां व रोमँ मेफ्र यांचा 'द रुइन्स ऑफ डेट्रॉइट' आणि अँड्र्यू मूर यांचा 'डेट्रॉइट डिसअसेम्बल्ड' हे रंगीत चित्रग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांतील कौशल्य वादातीत आहे. त्यांचा परिणाम मात्र असा, की सात लाख माणसांचे जिवंत शहर जगाला एखाद्या लुप्त संस्कृतीचे स्थळ वाटू लागले. कारखाने उपनगरांत आणि अन्य राज्यांत का गेले, गोऱ्या वस्तीने शहर का सोडले, कृष्णवर्णीय कुटुंबांना कर्जे आणि घरे का नाकारली गेली, यांपैकी काहीही छताच्या कोसळलेल्या गिलाव्यात दिसत नाही. या चित्रांना 'रुइन पॉर्न' ही शिवी मिळाली, ती उगाच नव्हे. मिशिगन सेंट्रल हे तेथील रेल्वेस्थानक १९८८ मध्ये बंद पडले आणि या प्रकाराचे जणू तीर्थक्षेत्र झाले. फोर्ड कंपनीने ते २०१८ मध्ये विकत घेतले आणि डागडुजी होऊन ते २०२४ मध्ये पुन्हा उघडले. ज्याला काळाचा अटळ निवाडा म्हटले जात होते, तो पैसा ओतताच रद्द झाला. त्या पैशाचा लाभ नेमका कोणाला, हा निराळा वाद. अटळपणाचे मिथ्य मात्र उघडे पडले.

याच अमेरिकेत, याच रंगांत, याच विषयावर दुसरी रीत उपलब्ध होती. चिलीत जन्मलेले कामिलो होसे व्हर्गारा १९७० च्या दशकापासून हार्लेम, साउथ ब्राँक्स, कॅमडेन, डेट्रॉइट येथील त्याच त्या जागांची रंगीत चित्रे वर्षानुवर्षे घेत आले. हार्लेममधील ६५ पूर्व, १२५ वा रस्ता या पत्त्यावरील दुकानाचे तोंड त्यांनी १९७७ पासून पुनःपुन्हा टिपले; तेथे नाइट क्लब होता, मग दुकाने आली, गाद्यांचे दुकान आले, प्रार्थनास्थळ आले. पत्ता तोच, वर्ष वेगळे. मालिकेत लावलेली ही चित्रे पाहताना काळ हा कर्ता उरत नाही, तो केवळ क्रम उरतो. कर्त्याचा शोध घेणे प्रेक्षकाला भाग पडते. व्हर्गारा यांनाही अवशेषांचा मोह सुटला नाही : डेट्रॉइटच्या मध्यभागातील ओस पडलेल्या गगनचुंबी इमारती अमेरिकेचे अॅक्रोपोलिस म्हणून तशाच राखाव्यात, असे त्यांनी १९९५ मध्ये सुचविले आणि ते तेथील अनेकांना झोंबले. मोह असूनही त्यांची चित्रे पुरावा म्हणून उभी राहतात, ती पत्त्यामुळे आणि वर्षामुळे.

६

डेट्रॉइटची ही चर्चा मराठी वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. कारखाने गेल्यावर उरलेल्या वस्तीचे सौंदर्य पाहण्याची सवय मुंबईलाही जडली आहे. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, लालबाग येथील दारे, जिने आणि लाकडी कठडे यांची रंगीत चित्रे याच संकेतांनी घेतली जातात. त्या पोपड्यांचा कर्ता कायद्याच्या पुस्तकात सापडतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. परंतु दुरुस्ती कोणाच्या पैशाने व्हावी, हे कोडे त्या न्यायाने सोडविले नाही. मालकाने हात आखडला, भाडेकरूला मालकी नसल्याने त्यानेही आखडला. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, उपकर बसला, आणि अशा उपकरप्राप्त इमारती हजारोंनी मोजाव्या लागल्या. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्बांधणीला वाढीव चटईक्षेत्राचे आमिष दिले, तेव्हा इमारत उभी राहण्यापेक्षा तिची जागा मोकळी होणे अधिक किफायतशीर ठरले. या निर्णयांचा एकत्रित परिणाम म्हणजे ते दार. त्याला 'काळाच्या खुणा' म्हणणे हे अर्थशास्त्रालाच निसर्ग म्हणणे आहे.

यात काय पणाला लागते, हे भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी दिसले. पाकमोडिया मार्गावरील हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. अशा इमारतींना दिलेला लाकडी टेकू छायाचित्रात सुरेख कर्णरेषा होतो; भिंतीतील तडा पोत होतो. राहणाऱ्याला तोच टेकू आणि तोच तडा रोज वाचावा लागतो, आणि त्याच्या वाचनात चूक झाली तर ती अखेरची ठरते. एकाच खुणेची ही दोन वाचने आहेत. त्यांपैकी एक आस्वाद आणि दुसरे निव्वळ व्यवहार, अशी प्रतवारी लावणारे सौंदर्यशास्त्र हे घर असलेल्यांचे सौंदर्यशास्त्र आहे.

गिरण्यांची कथा याहून स्पष्ट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात साधारण समान वाटणी ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती आकुंचित झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आज काही आवारांत धुराडी शोभेसाठी राखली आहेत. उपाहारगृहांत विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. मोडलेल्या वाड्यांची दारे मेजे होऊन काचेखाली पडली आहेत. छायाचित्र या व्यापाराचे निरीक्षक नव्हते, ते त्याचे पहिले गिऱ्हाईक होते. दारामागच्या माणसाला वगळून दार पाहण्याची सवय नजरेला आधी लागली. माणसाला उठवून दार विकण्याची सोय त्यानंतर झाली.

७

साहित्याने हे अधिक चांगले केले, असे सरसकट म्हणता येत नाही. चाळीच्या गमतीजमतींचा मराठीतील साठा मोठा आहे. परंतु जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक गिरणी कामगाराच्या घरातली पडझड दाखविते, तेव्हा त्या पडझडीला तारीख आहे, त्या घरातल्या प्रत्येकाला नाव आहे, आणि जे मोडते ते संपाने मोडते. तेथे काळ पात्र म्हणून रंगमंचावर येत नाही. छायाचित्राने नाटक व्हावे, अशी अपेक्षा नाही. आपल्या विषयाचे नाव सांगण्याइतकी जबाबदारी मात्र त्यालाही टाळता येणार नाही.

बेन्यामीनने १९३४ मध्ये हीच मागणी केली होती. रेंगर-पाट्झ्शच्या 'जग सुंदर आहे' (१९२८) या चित्रसंग्रहाचा समाचार घेताना, दैन्यालाही आस्वादाची वस्तू बनविणाऱ्या या छायाचित्रणाला त्याने एक उपाय सुचविला : चित्राखाली अशी ओळ लिहिणे, की जी त्याला बाजाराच्या हातून सोडवील. ही ओळ चित्राबाहेरची भर आहे, असा रूपवाद्यांचा समज. प्रत्यक्षात ती चित्रातून खरवडून काढलेला घरक्रमांक परत लावते. रस्ता, क्रमांक, वर्ष. दार केव्हापासून बंद आहे. आत कोणी राहते का. इमारत कोणत्या यादीत आहे. चित्रातला निळा किती वाढविला आहे. एवढे लिहिल्याने जे चित्र दुबळे होते, ते मुळातच दुबळे होते. एवढे लिहूनही जे उरते त्यात रंग असेल, लय असेल, आणि तो रंग कोणी कधी दिला व कोणी द्यावयाचे थांबविले याचा मागही असेल.

समीक्षेचे कामही येथेच सुरू होते. रंगीत पडझडीच्या प्रदर्शनांवर लिहिताना 'काळ' हा शब्द एका वर्षापुरता वर्ज्य करून पाहावा. त्याच्या जागी मालक, भाडेकरू, मंडळ, महापालिका, कंपनी यांपैकी योग्य तो कर्ता घालावा लागेल, आणि तो कोण हे शोधण्यासाठी समीक्षकाला दालनातून उठून त्या दारापर्यंत जावे लागेल. तेथे पोचल्यावर कदाचित कळेल, की कुलूप गंजलेले असले तरी आत माणसे आहेत, आणि ती मागच्या जिन्याने ये-जा करतात.